एकाच कॉम्प्युटरवर दोन-दोन बॉइंक: गरज किती, हौस किती?

आपल्या घरातला कॉम्प्युटर चालू असला तरी बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. हा रिकामा वेळ संशोधनाला फुकट देण्याची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मे 1999 मध्ये ‘सेटी ॲट होम’ सुरू केलं. मोठ्या गणिताचे छोटे तुकडे करायचे, ते इंटरनेटवरून घरोघरच्या कॉम्प्युटरना वाटायचे आणि उत्तरं परत गोळा करायची, एवढीच कल्पना. सेटीने मार्च 2020 अखेर नवीन काम वाटणं थांबवलं. पण तिथेच तयार झालेलं ‘बॉइंक’ हे सॉफ्टवेअर आजही चालू आहे. प्रथिनांवर काम करणारं ‘रोझेटा ॲट होम’ आणि आजारांवरच्या संशोधनाचं ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ त्यावरच चालतात. ‘फोल्डिंग ॲट होम’चं सॉफ्टवेअर मात्र वेगळं आहे.

घरातल्या कॉलेजकुमाराला हा नाद लागला की एक प्रश्न हमखास येतो. हेच सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर दोनदा चालवलं, तर काम दुप्पट होईल का? नाही होणार.

कारण सोपं आहे. बॉइंक सुरू झालं की आधी प्रोसेसर किती कामं एकाच वेळी पेलू शकतो ते मोजतं आणि तेवढी कामं आपणहून सुरू करतं. चार कोअरचा साधा प्रोसेसर असेल तर चार कामं. आता दुसरं बॉइंक लावलं, तर त्यालाही वाटतं की चारही कोअर आपलेच. मग चार कोअरवर आठ कामं झुंजायला लागतात. चार बर्नरच्या शेगडीवर आठ पातेली आलटून-पालटून ठेवली तर उचलठेव वाढेल, जेवण काही लवकर होणार नाही. वर रॅम जास्त लागते ती वेगळीच. रॅम कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कवर ओढाताण सुरू करतो आणि सगळंच मंदावतं.

मग लोक हे करतात तरी का? याला जुना इतिहास आहे. फोल्डिंग ॲट होमचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच कोअर वापरायचं. दोन कोअरचे प्रोसेसर आले तेव्हा दुसरा कोअर बसून राहायचा. म्हणून लोक वेगवेगळ्या फोल्डरमध्ये दोन प्रती ठेवत आणि प्रत्येकीला वेगळा मशीन आयडी देत. आयडी एकच राहिला तर दोन्ही प्रती एकमेकींच्या कामात लुडबुड करत आणि तासन् तासांची मेहनत वाया जायची. पुढे एकच सॉफ्टवेअर सगळे कोअर आणि ग्राफिक्स कार्ड सांभाळू लागलं आणि ती गरज संपली. सल्ला मात्र अजून फिरतोय.

दुसरं कारण गुणांच्या चढाओढीचं. सेटीमध्ये एका प्रोसेसरकडे एका वेळी 100 कामांचीच मर्यादा होती आणि दर मंगळवारी सर्व्हर देखभालीसाठी बंद असायचा. वेगवान कार्डवाल्यांचा साठा त्याआधीच संपायचा. दोन प्रती म्हणजे सर्व्हरच्या लेखी दोन कॉम्प्युटर, म्हणजे साठा दुप्पट. आमच्या मते ही हौस दुसऱ्याला महाग पडते. बरेच प्रकल्प एकच काम दोन जणांना देतात आणि उत्तरं जुळली तरच मान्य करतात. तुम्ही काम दाबून बसलात, तर दुसऱ्या टोकाचा माणूस तुमच्या उत्तराची वाट बघत राहतो. मुदत टळली तर तेच काम तिसऱ्याला द्यावं लागतं.

तरीही वेगळी प्रत लागूच शकते. ग्राफिक्स कार्डचं काम स्वतंत्र ठेवायचं असेल किंवा नवीन सेटिंग तपासून बघायची असेल, तर. तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. दुसऱ्या प्रतीला रिकामं, नवीन डेटा फोल्डर द्या. पहिलं फोल्डर कॉपी करू नका. कॉपी केलं की कॉम्प्युटरची ओळखही कॉपी होते, सर्व्हर गोंधळतो आणि हातातली कामं सोडून दिल्याची नोंद होऊ शकते. बॉइंक नेहमी 31416 या पोर्टवर बोलतं, म्हणून दुसऱ्या प्रतीला वेगळा पोर्ट नंबर लागतो, आणि एकापेक्षा जास्त प्रतींना परवानगी देणारी सेटिंगही चालू करावी लागते. तिसरी गोष्ट लोक विसरतात: कोअर वाटून द्या. आठ असतील तर दोघांना चार-चार. ग्राफिक्स कार्डवर फक्त दोन कामं एकदम चालवायची असतील तर एवढा खटाटोप नकोच, ते एकाच बॉइंकच्या सेटिंगमध्ये जमतं.

आता बिलाचं बघू. पूर्ण ताकदीने चालताना कॉम्प्युटरने 100 वॅट जादा ओढले, तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटच्या पुढचे युनिट महाग पडतात, हे घर चालवणाऱ्यांना सांगायला नको. त्याच कॉम्प्युटरवर बारावीचा अभ्यास आणि अब्बांच्या दुकानाचा हिशेब चालत असेल, तर ‘कॉम्प्युटर वापरात असताना थांबा’ ही सेटिंग चालूच ठेवा. लॅपटॉपवर निम्मे कोअर पुरे. पंखा सतत ओरडत असेल तर आणखी कमी करा.

आणि वाचकहो, ऑफिसच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर हे इजाजतीशिवाय टाकू नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकॅल्ब टेक्निकल कॉलेजात एका कर्मचाऱ्याने असंच एक सॉफ्टवेअर तिथल्या कॉम्प्युटरवर बसवलं होतं. त्याच्यावर फौजदारी खटला झाला. 2002 च्या सुरुवातीला तडजोड होऊन तुरुंग टळला, पण दंड भरावा लागला आणि 80 तास समाजसेवाही करावी लागली.