दाखला कोठून आणावा?

दिवाळी सरली कीं भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या मार्गावरील वीटभट्ट्यांवर माणसांची वर्दळ सुरू होते. जव्हार, मोखाडा इकडील कातकरी व इतर आदिवासी कुटुंबें भातकापणी आटोपतांच भट्टीमालकाकडून 'बयाणा' म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन येतात, आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत ती अंगमेहनतीनें फेडीत राहतात. विटा रचून, वर पेंढा टाकून केलेल्या त्यांच्या खोपीस 'भोंगा' म्हणतात. आई माती कालवते, बाप साच्यांतून विटा पाडतो, आणि सात-आठ वर्षांचें मूल वाळत घातलेल्या विटा उलटवितें किंवा धाकटें भावंड कडेवर घेऊन फिरतें. गांवच्या हजेरीपटावर जूनमध्यें लागलेलें त्याचें नांव डिसेंबरांत केवळ गैरहजेरी मांडण्यापुरतें उरतें.

भिवंडी शहर बाहेरून आलेल्यांच्या हातांवर चालतें, हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण येथील कामगार राबतात. महानगरपालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, हिंदी व तेलुगू भाषांतूनही चालतात, ही गोष्ट आम्हांस भूषणावह वाटते. परंतु मागवाल्याचें बिऱ्हाड निदान एका खोलींत टिकून असतें. भट्टीवरील मुलाचा मुक्काम सहा-सात महिन्यांचा. तें ना त्या गांवचें, ना ह्या गांवचें.

येथें आमच्याच एका अपराधाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. आम्ही शाळेच्या मुख्य खुर्चीवर असतां, माघ महिन्यांत एके दुपारीं एक कातकरी बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आली. "गुरुजी, याला बसू द्या," एवढेंच म्हणाली. मुलाच्या हातांत पाटी होती. ती त्यानें गांवाहूनच आणिली होती. आम्हीं रीतीप्रमाणें शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तिचें गांव मोखाड्यापलीकडे. मजुरी बुडवून जावें तर मालक सोडीना. "आणते," म्हणून गेली ती पुन्हा आली नाहीं. आम्हीं नियम पाळला, असें त्या रात्रीं आम्हांस खरोखर वाटलें.

वास्तविक नियम याच्या उलट होता. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याचें पांचवें कलम सांगतें कीं, दाखला येण्यास विलंब लागला म्हणून प्रवेश अडवितां येत नाहीं. चौदावें सांगतें कीं, वयाचा पुरावा नाहीं म्हणून नाकारतां येत नाहीं. आणि चौथ्या कलमान्वयें मुलास वयास अनुरूप वर्गांत बसवावयाचें. हें पुस्तक आमच्याच कपाटांत होतें! जन्मभर पाणिनीच्या सूत्रांतील एकेक मात्रा तपासणाऱ्या आम्हांस हीं तीन कलमें वाचण्यास सवड झाली नव्हती.

आमच्या अनेक वाचकांचीं नातवंडें आज अमेरिकेंत शिकत आहेत. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं टेक्सास राज्याच्या एका खटल्यांत ठरविलें कीं, परवान्यावांचून देशांत आलेल्या परकीयांच्या मुलांनाही सरकारी शाळेबाहेर ठेवतां येणार नाहीं. आईबापांच्या कृत्याचा भार मुलांवर नको. आपलें भट्टीवरील मूल तर परकीयही नव्हे. देशांत कोठेंही जावें, कोठेंही राहावें, हा नागरिकाचा अधिकार राज्यघटनेच्या १९ व्या कलमांतच आहे.

उपाय अज्ञात नाहींत. १९४५ सालीं बोर्डीस गेलेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढल्या. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विधायक संसद ह्या संस्थेनें ठाणे जिल्ह्यांत भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या. गांव सोडणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड देण्याची योजनाही राज्यानें केली. तें कार्ड मूळ शाळेनें निघण्यापूर्वी हातीं दिलें पाहिजे, आणि येथील शाळेनें त्याची वाट न पाहतां नांव लिहिलें पाहिजे. कारण पटावर नांव आलें तरच दुपारच्या जेवणाचें ताट मिळतें. बयाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली. तथापि कर्जापायीं भट्टी सोडतां न येणाऱ्या बापाचें मूल शाळेंत कितीसें टिकेल?

येत्या मार्गशीर्षांत आम्ही दोन जुन्या सहकाऱ्यांसह वाडा मार्गावरील भट्ट्यांवर मुलांची यादी करण्यास जाणार आहों. नांव, गांव आणि इयत्ता, एवढेंच विचारूं. कोणास यावयाचें असल्यास दुपारच्या जेवणाच्या सुमारास यावें. पहाटेपासून चाललेलें काम तेव्हां थोडा वेळ थांबतें.