येलहंक्याचे चाक : भाराखाली रूप बदलणारे पोलाद

बंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथे १९८४ पासून सुरू असलेल्या, आरंभी व्हील अँड ॲक्सल प्लांट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारतीय रेल्वेच्या रेल व्हील फॅक्टरीत भंगार पोलाद विद्युत भट्टीत वितळवून तो रस हवेच्या दाबाने ग्रॅफाइटच्या साच्यात खालून वर चढवला जातो आणि त्यातून चाक तयार होते. चाकांना जोडणारा आस (ॲक्सल) मात्र घडाईने तयार होतो. चारही बाजूंनी हातोडे मारणाऱ्या यंत्रात तापलेला ठोकळा शिरतो तेव्हा त्याचे लोखंड ऑस्टेनाइट या प्रावस्थेत, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि फलकांच्या मध्यावर अणू असलेल्या रचनेत असते. घावांनी जुने कण मोडून बारीक कण तयार होतात, कणांच्या सीमा वाढतात, आणि थंड होताना नव्या प्रावस्थांचे अंकुर याच सीमांवर फुटत असल्याने रूपांतर लवकर सुरू होते, नवे कणही बारीक राहतात आणि आस चिवट बनतो.

चाकात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो. तापवलेल्या चाकाच्या कडेवर पाण्याचे फवारे सोडले की तिथे पर्लाइट, म्हणजे मऊ फेराइट आणि कठीण सिमेंटाइट यांचे अतिशय पातळ, एकाआड एक थर तयार होतात. नंतर थंड होणारा आतला भाग आक्रसून कडेला दाबात धरतो, त्यामुळे तडे सहज पसरत नाहीत.

हे सारे नियोजनाने घडते. रुळावर तेच पोलाद पुन्हा बदलते, तेही कोणी न ठरवता. एका आसावर वीस टनांहून अधिक भार असलेल्या मालगाडीच्या वाघिणीचे चाक रुळाला जेमतेम नाण्याएवढ्या जागेत टेकते, आणि ब्रेकमुळे ते घसरले की तिथला पृष्ठभाग एकाच वेळी चिरडला जातो, ओढला जातो आणि तापतो. त्यातून काही मायक्रॉन ते काही डझन मायक्रॉन जाडीचा एक थर तयार होतो, जो आम्लाने कोरूनही सूक्ष्मदर्शकाखाली पांढराच दिसतो. पर्लाइटची कठीणता साधारण ३०० विकर्स असते, तर याची ७०० च्याही पुढे जाते.

या पांढऱ्या थराच्या जन्माविषयी दोन मते आहेत. घसरणीच्या उष्णतेने पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन ऑस्टेनाइट होते आणि आतल्या थंड धातूमुळे क्षणात निवून मार्टेन्साइट, म्हणजे कार्बन अडकून ताणलेली कठीण व ठिसूळ रचना बनते, असे एक मत. नुसत्या तीव्र विरूपणाने सिमेंटाइटचे थर तुटून त्यांतला कार्बन फेराइटमध्ये विरघळतो, हे दुसरे. घसरलेल्या चाकात उष्णतेचा आणि चाके न घसरता अनेक वर्षे गाड्या धावलेल्या रुळात विरूपणाचा वाटा मोठा मानणे अधिक पटते; शिवाय ताण व दाब रूपांतराचा उंबरठाच खाली आणतात.

काही मिश्रधातूंत ताणाखाली रूप बदलण्याचा हाच गुण मुद्दाम योजला जातो: १९६७ मध्ये धातुशास्त्रज्ञ झॅके व सहकाऱ्यांनी मांडलेल्या ट्रिप पोलादांत उरलेले ऑस्टेनाइट ताणाखाली मार्टेन्साइट होऊन तुटणे लांबवते. चाकाच्या पर्लाइटमध्ये असा साठा नसतो. पांढऱ्या थराच्या तळाशी तडा जाऊन कपचे सुटतात, म्हणून एलएचबी प्रकारच्या प्रवासी डब्यांतील घसरणरोधक यंत्रणा अडकू लागलेल्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते. वाघिणींना हे संरक्षण नसल्याने त्यांची चाके काढून लेथवर चढवून तो थर कापूनच काढावा लागतो.