पानावरून अंजिराची जात ओळखता येते का?

एका पानाचा फोटो दाखवून अंजिराची जात विचारलीत, तर मी सांगणार नाही. पुरंदरच्या कुठल्याही बागेत जाऊन एकच झाड नीट बघा: कुठे पाच बोटांचं पान, कुठे तीन, कुठे जवळपास अखंड. सगळ्यांचा डीएनए तोच! सावलीतलं पान मोठं नि पातळ, भर उन्हातलं लहान नि जाड. छाटणीनंतर जोमानं फुटलेल्या फांदीची पानं आणखी वेगळी. मोझॅक विषाणू लागला, की आकारच बिघडतो.

म्हणून उन्हातल्या फांदीच्या मधली, पूर्ण वाढलेली बरीच पानं बघायची. सोबत फळाची साल, गर आणि डोळाही. तरी शंका उरलीच तर डीएनए तपासणी.

रोपं विकत घेताना मात्र नुसत्या पानावर जाऊ नका हं. चूक कळते ती फळ धरल्यावर, आणि तोवर बाग लावून झालेली असते.