आम्ल जमीन, चुना आणि शेकरूचे रान

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला वाटेत मातीचा रंग पालटताना दिसतो. मंचरच्या परिसरातील काळी, भेगाळणारी जमीन मागे पडते आणि डिंभे धरणाच्या पलीकडे डोंगर चढू लागताच तांबडी, जांभ्याची माती सुरू होते. जुन्नर तालुक्यातही नारायणगावकडून नाणेघाटाकडे जाताना हाच अनुभव येतो. हा फरक मुख्यतः पावसाने घडविला आहे. या दोन्ही तालुक्यांच्या पूर्व भागात वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या माथ्यावर तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. हे पाणी मातीतील चुना, मॅग्नेशियम आदी क्षार विरघळवून दऱ्यांत वाहून नेते. मागे उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे. अशी जमीन कालांतराने आम्लधर्मी बनते.

अमेरिकेत हरणांसारख्या वन्य प्राण्यांसाठी चाऱ्याचे छोटे तुकडे पेरण्याची प्रथा आहे. तेथील जमीन आम्ल असल्यास ती द्रवरूप चुना फवारून सुधारली जाते. भीमाशंकरसारखे अभयारण्य लाभलेल्या आपल्या डोंगरी भागात हा उपाय कितपत लागू पडतो, आणि चुन्याचा वापर नेमका कोठे करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सामू म्हणजे काय?

जमिनीची आम्लता सामू या मापाने मोजतात. सात सामू असलेली जमीन उदासीन, त्याखालील आम्ल आणि त्यावरील विम्ल समजली जाते. सामू एका अंकाने घटला की आम्लता दसपट वाढते, हे ध्यानात घेतले पाहिजे. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि पिकांची कोवळी मुळे खुंटतात. दिलेले स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी जखडले जाऊन पिकास मिळेनासे होते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहून नत्र पुरविणारे जीवाणूही अशा मातीत नीट वाढत नाहीत.

सर्वच पिकांना याचा सारखा त्रास होत नाही. वरकस जमिनीवरील नाचणी, वरई आणि खुरासणी ही पिके बरीच आम्लता सोसतात. भातखाचरात पाणी साचून राहिले की काही आठवड्यांत मातीचा सामू आपोआप उदासीनतेकडे सरकतो. त्यामुळे लावणी झालेल्या भाताला चुन्याची निकड कमी असते. खरी अडचण जाणवते ती रोपवाटिकेत, आणि भातानंतर घेतल्या जाणाऱ्या हरभरा, मसूर, वाल यांसारख्या पिकांत.

द्रवरूप चुना : गुण आणि मर्यादा

चुनखडीची अत्यंत बारीक भुकटी पाण्यात कालवून, ती तळाशी बसू नये म्हणून थोडी चिकणमाती मिसळून द्रवरूप चुना तयार करतात. भुकटी बारीक असल्याने तिची क्रिया लवकर होते, ती सर्वत्र सारखी पसरते आणि धूळ उडत नाही. मात्र आम्लता मारण्याची शक्ती भुकटीत असते, पाण्यात नव्हे. निम्मे पाणी असलेल्या द्रवातून दोन क्विंटल चुना द्यावयाचा तर चार क्विंटल द्रव डोंगरावर वाहून न्यावा लागेल. तो सतत ढवळणारा पंपही हवा. आपल्या डोंगरउतारावरील लहान तुकड्यांना हे परवडणारे नाही.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. चुन्याची निवळी म्हणजे द्रवरूप चुना नव्हे. एक लिटर निवळीत जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळलेला असतो. एक किलो चुना जमिनीला देण्यासाठी सुमारे सहाशे लिटर निवळी लागेल. दुसरे असे की, कॅल्शियम क्लोराइडसारखी द्रवरूप कॅल्शियम खते किंवा जिप्सम यांतून पिकास कॅल्शियम मिळते, परंतु जमिनीची आम्लता कमी होत नाही. तेव्हा डब्यावरील नाव न पाहता आतील घटक पाहूनच खरेदी करावी.

आपल्या शेतकऱ्यास सोयीची आहे ती चुनखडीची बारीक भुकटी किंवा विरी गेलेला चुना. शंभर किलो शुद्ध चुनखडीचे काम सुमारे पंच्याहत्तर किलो विरलेला चुना करतो. आम्ल जमिनीत पेरणीच्या ओळीत दरवर्षी हेक्टरी २ ते ४ क्विंटल, म्हणजे गुंठ्यास २ ते ४ किलो चुना देण्याची शिफारस केली जाते. चुना पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा. तो युरियाबरोबर टाकल्यास नत्र हवेत उडून जाते, आणि सुपर फॉस्फेटबरोबर टाकल्यास स्फुरद जखडले जाते. विरलेला चुना डोळ्यांना व त्वचेला इजा करतो, म्हणून तो हाताळताना काळजी घ्यावी.

माती तपासल्यावाचून चुना मुळीच टाकू नये. सामूबरोबरच मातीतील चिकण आणि सेंद्रिय अंश यांवरही चुन्याची गरज ठरते. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना देशभर सुरू आहे. तिच्यात सामूची नोंद असते. पूर्वेकडील काळ्या जमिनीत मुळातच चुनखडीचे खडे असतात. तेथे आणखी चुना टाकल्यास लोह व जस्त यांची उणीव पडून द्राक्षासारख्या पिकांची पाने पिवळी पडतील.

राब आणि रान

चुन्याचा प्रश्न वनाशी येऊन भिडतो तो राबाच्या ठिकाणी. भाताच्या रोपवाटिकेची जागा उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या फांद्या पसरून भाजण्याची रीत या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ही रीत अज्ञानातून आलेली नाही. भाजल्याने तणांचे बी मरते आणि माती भुसभुशीत होते. राखेतील पालाश व चुना यांमुळे मातीची आम्लताही उतरते. राख हा एका परीने आपल्या पूर्वजांचा चुनाच होय.

परंतु या राखेसाठी ऐन आणि इतर झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात. १९८५ मध्ये घोषित झालेले, सुमारे १३० चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य ज्या शेकरूसाठी प्रसिद्ध आहे, तो आपला राज्यप्राणी झाडांच्या शेंड्यांवर जगतो. तेथेच तो फळे, बिया, पाने आणि साल खातो, तेथेच काटक्यांचे घरटे बांधतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच त्याची वाट सुरक्षित राहते. फांद्या छाटलेली झाडे मध्ये आली की ही वाट तुटते आणि अन्नही घटते.

चुना राबाची सर्व कामे करू शकत नाही. तणांसाठी दुसरा मार्ग योजावा लागतो. वाफ्यास आधी पाणी देऊन उगवलेले तण वखरून टाकावे. मग एक मीटर रुंदीचा गादीवाफा करून त्यात भरपूर कुजलेले शेणखत आणि तपासणीनुसार चुना मिसळावा. एक हेक्टर लावणीसाठी दहा गुंठ्यांची रोपवाटिका पुरते, त्यामुळे चुन्याचा खर्च आवाक्यात राहतो. प्रथम अर्ध्या रोपवाटिकेवर हा प्रयोग करून रोपांची तुलना करणे शहाणपणाचे ठरेल. मावळ भागातील भातासाठी वडगाव मावळ येथे कृषी संशोधन केंद्र आहे आणि नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

वन्य प्राण्यांसाठी चारा पेरावा काय?

अभयारण्यात चुना टाकणे किंवा बाहेरचे गवत पेरणे सर्वथा अयोग्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील अधिवासात परवानगीवाचून फेरबदल करता येत नाही. शिवाय तेथील झाडेझुडपे त्या आम्ल मातीतच वाढलेली आहेत. सांबर, भेकर, पिसोरी यांचे अन्न त्यांच्यातूनच मिळते. गावालगत हिरवा चारा पेरला तर रानडुकरे शेतात शिरतील, आणि त्यांच्यामागे बिबट्या येईल. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र असलेल्या जुन्नरला या धोक्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. गुरांसाठी गायरानात चारा वाढवावयाचा असेल तर लसूणघासासाठी जमीन बदलण्यापेक्षा आम्लता सोसणारे स्टायलो निवडणे बरे. घरच्या चाऱ्यावर गुरे पोसली गेली, तर रानातील गवत रानातील प्राण्यांना राहील.

चुन्याची जागा शेतात आहे. शेतकऱ्याच्या दहा गुंठ्यांत योग्य मात्रेने पडलेला चुना बांधावरच्या ऐनाच्या फांद्या वाचवू शकतो. येत्या उन्हाळ्यात राबासाठी कोयता उचलण्यापूर्वी मूठभर माती तपासणीस पाठवावी, एवढीच शेतकरी बंधुभगिनींना विनंती.