गोधडीची ऊब येते कोठून?

थंडीच्या रात्री गोधडीत शिरले की थोड्याच वेळात ऊब वाटू लागते. गोधडी काही शेगडीसारखी तापत नाही. मग ही ऊब येते कोठून? ती आपल्याच शरीराची असते. गोधडी तिला फक्त चटकन बाहेर जाऊ देत नाही.

गेल्या हिवाळ्यात जुन्या कपड्यांपासून उपयोगी वस्तू करण्याची कार्यशाळा मी घेतली. माझी ती पहिलीच! मुलांनी फाटकी लुगडी, धोतरे, चादरी आणल्या. "टाके दाट घाला, दोरा चांगला आवळा, गोधडी पक्की होईल," असे मी थाटात सांगितले. तुकडा तयार झाला तो पुठ्ठ्यासारखा ताठ. एका विद्यार्थिनीची आजी म्हणाली, "सर, दोरा इतका ओढू नका. गोधडी फुगायला हवी." पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याची चूक तिने अचूक पकडली होती.

स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाण्याची उष्णतावाहकता तिच्या वीसपटींहून अधिक असते. मोकळी हवा मात्र तापली की वर जाते आणि उष्णता घेऊन जाते, हेच अभिसरण. गोधडीच्या थरांत व धाग्यांत अडकलेल्या हवेला फिरायला जागाच नसते. टाके आवळले की ही हवा निघून जाते, धाग्याला धागा टेकतो आणि उष्णतेला वाट मिळते. सैल धावदोरा थर सरकू देत नाही आणि हवाही राखतो.

म्हणजे मुख्य काम हवेचे. कापडाने तिला फक्त अडवून धरायचे. ते काम विरलेले लुगडेही करते. पडताळा पाहू या. सारखे तीन पेले घ्या. मोठ्यांच्या मदतीने त्यांत सारखेच गरम पाणी ओतून झाकणे ठेवा. एकाभोवती जुन्या सुती कापडाच्या घड्या, दुसऱ्याभोवती तेवढ्याच जाडीच्या नव्या कापडाच्या आणि तिसऱ्याभोवती जुन्याच पण ओल्या कापडाच्या घड्या गुंडाळा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. पहिल्या दोहोंत फारसा फरक दिसणार नाही. तिसरा मात्र भराभर निवेल. तेथे हवेची जागा पाण्याने घेतली आहे, शिवाय बाष्पीभवनही उष्णता नेते.

एक किलो सुती कापडामागे, शेतातील पावसाचे पाणी धरून, जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. तेव्हा जुनी चादर बोहारणीला देण्याआधी आजीला एकदा विचारा: हिची गोधडी होईल का?