भंगारावर आता देशोदेशींचा पहारा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात कंटेनरचं दार उघडलं की आधी गंजाचा आणि जुन्या ऑइलचा वास येतो. आत मुठीएवढे चुरगळलेले पत्र्याचे तुकडे, गॅस कटरने कापलेले पाइप, दात झिजलेले गिअर, गर्डरचे ठोकळे. हा माल न्हावाशेवाला बोटीतून उतरलेला असतो. त्याआधी तो ब्रिटन, अमेरिका किंवा आखातातल्या कुठल्या तरी यार्डात पडून होता. कामगार त्यातून बंद सिलिंडर आणि गाड्यांचे शॉक अॅब्सॉर्बर आधी बाजूला काढतात. तोंड बंद असलेली कुठलीही वस्तू वितळलेल्या लोखंडात पडली तर आतली हवा किंवा पाणी फुगून स्फोट होतो आणि भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही.

एवढा धोका पत्करून परक्या देशाचं मोडकं लोखंड आणायचं कशासाठी? एक टन भंगार वितळवलं की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. खनिजापासून झोतभट्टीत एक टन पोलाद करताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारापासून विजेच्या भट्टीत केलं तर त्याच्या साधारण एक तृतीयांशच. शिवाय लोखंड कितीही वेळा वितळवता येतं.

मात्र भंगार खाणीतून काढता येत नाही; ते वयात यावं लागतं. मोटार पंधरा-वीस वर्षांनी मोडीत निघते, इमारत किंवा पूल चाळीस-पन्नास वर्षांनी. म्हणून ज्या देशांनी विसाव्या शतकात पोटभर पोलाद वापरलं, त्यांच्याकडे आज भंगाराचे ढीग आहेत. युरोप, अमेरिका आणि जपान विकतात. उशिरा बांधायला लागलेले देश विकत घेतात. सर्वांत मोठं गिऱ्हाईक तुर्कस्तान. त्याचं बहुतांश पोलाद विजेच्या भट्ट्यांत होतं आणि इस्केंदेरून, अलिआगासारख्या बंदरांत तो वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास भंगार उतरवून घेतो. ‘एचएमएस ८०:२०’ या प्रतीच्या जाड भंगाराला तुर्की बंदरात मिळणारा भाव जगभरचे व्यापारी रोज पाहतात. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचं पोलादसुद्धा २००२ मध्ये भंगार म्हणून चीनला गेलं, भारतातही आलं.

या व्यापाराची खरी मेख आहे तांब्यात. जुन्या गाडीत तांब्याच्या वायरी असतात, विजेच्या छोट्या मोटरींचं वाइंडिंग असतं. गाडीचा चुरा करून लोहचुंबकाने लोखंड उचललं तरी त्याला चिकटलेलं थोडं तांबं सोबत येतंच. कार्बन किंवा सिलिकॉन भट्टीत जाळून कमी करता येतो. तांबं मात्र लोखंडाआधी जळत नाही, ते वितळलेल्या पोलादातच राहतं. अशा पोलादाचा तापलेला बिलेट रोलिंग मिलमध्ये दाबला की पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. काँक्रीटच्या सळईला थोडं तांबं चालून जातं, मोटारीच्या पत्र्याला चालत नाही. त्यामुळे पत्र्याची गाडी मोडून पुन्हा पत्रा होण्याऐवजी बहुतेकदा सळई होते, आणि प्रत्येक फेरीत तांब्याचं प्रमाण थोडं थोडं वाढत जातं. जालन्यातल्या इंडक्शन भट्टीचं काम मुख्यतः वितळवण्याचं; शुद्धीकरणाला तिथे फार वाव नाही. म्हणजे सळईची प्रत भट्टीत नव्हे, कंटेनर भरला जातो त्या दूरच्या यार्डातच ठरू लागते. खनिजापासून केलेलं स्पंज आयर्न मिसळून तांब्याचं प्रमाण खाली आणतात, पण स्पंज आयर्नबरोबर फॉस्फरस येतो.

तांब्याहून वाईट वस्तूही या मालातून आल्या आहेत. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारातल्या लष्करी दारूगोळ्याचा स्फोट होऊन दहा कामगार गेले. त्यानंतर माल बोटीवर चढण्यापूर्वीच्या तपासणीचे नियम कडक झाले. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सारी कोबाल्ट-६० सापडलं; त्या बटणांचं पोलाद आपल्या खोपोलीतल्या फाउंड्रीपर्यंत मागे गेलं. रुग्णालयातलं किंवा कारखान्यातलं एखादं जुनं किरणोत्सारी उपकरण भंगारात गेलं की ते कुठल्या देशात, कोणाच्या बोटाखाली येईल याचा नेम नाही. बंदरावरच्या तपासणी यंत्रात काटकसर करणं म्हणजे त्या दहा कामगारांचं मरण विसरणं.

भंगाराचं राजकीय मोल नवं नाही. १९४० च्या शरद ऋतूत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानला जाणारं लोखंडी भंगार थांबवलं. जपानच्या पोलाद भट्ट्यांचा मोठा भार अमेरिकी भंगारावर होता, आणि वर्षभराने जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. आज कारण युद्धाचं नाही, कार्बनचं आहे. स्वच्छ पोलाद करायचं तर भंगार लागणार, मग ते दुसऱ्याला का द्या? केनियाने भंगाराची निर्यात रोखली, संयुक्त अरब अमिरातीने आपल्या निर्यातीवर शुल्क बसवलं. युरोपीय संघाचे नवे नियम २०२४ मध्ये अमलात आले. २०२७ पासून ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेबाहेरच्या देशांना, म्हणजे भारतालाही, युरोपचं भंगार हवं असेल तर आपण कचरा पर्यावरणाला धक्का न लावता हाताळतो हे आधी दाखवून द्यावं लागेल. ही अट मला अन्यायाची वाटत नाही. भारत स्वतः भंगाराच्या निर्यातीवर कर लावतोच, आणि तपासणीच्या निमित्ताने आपल्या यार्डांत हेल्मेट, हातमोजे आणि रेडिएशन मीटर आले तर बरंच होईल.

अलीकडच्या काही वर्षांत आपण वर्षाला ८० लाख ते एक कोटी टन भंगार आयात केलं. ते महाग होत जाणार, तेव्हा घरचं भंगार नीट गोळा करण्याला पर्याय नाही. देशात २०२१ पासून वाहन मोडीचं धोरण आहे, तरी असंख्य जुन्या गाड्या आजही गल्लीतल्या दुकानात वायरी-बॅटरीसकट फोडल्या जातात. ऑइल गटारात जातं आणि तांबं लोखंडात. नोंदणीकृत केंद्रात आधी बॅटरी, ऑइल आणि गॅस काढला जातो, मगच पत्रा कापतात. तुमची जुनी गाडी दारात गंजत उभी असेल तर ती अशाच केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र मागून घ्या. त्या प्रमाणपत्रावर नवीन खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने केलेली आहे.