डोंगलचें सोंग



१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीला नेहमीची मदत देणें थांबविलें आणि चांगले चालणारे पुष्कळ संगणक एका दिवसांत म्हातारे ठरले. त्यांतील अनेकांवर नवी विंडोज बसत नाहीं, आणि जुन्या विंडोजवर विसंबून बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नाहीं. अशा वेळीं ज्या घरांत थोडें धाडस आहे, तेथें त्याच यंत्रावर लिनक्स बसविली जाते. उबुंटू म्हणा, मिंट म्हणा, डेबियन म्हणा. खर्च कांहीं नाहीं, यंत्र पुन्हा कामाला लागतें आणि मुलांच्या अभ्यासाची सोय होते. येथवर सारें ठीक. मग कपाटांतून डोंगल काढून तें संगणकाला लावलें जातें, आणि कांहींच होत नाहीं. दुकानांत नेलें तर उत्तर मिळतें, "लिनक्सवर डोंगल चालत नाहीं. विंडोज टाकून घ्या, नाहीं तर नवा संगणक घ्या." या एका वाक्यापायीं घरावर मोठा खर्च पडतो, किंवा एक धडधाकट यंत्र भंगारांत जातें. हें वाक्य बहुधा खोटें असतें. तें कां खोटें असतें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

डोंगल ही अंगठ्याहून थोडी मोठी अशी एक डबी. तिच्या आंत मोबाईल फोनांतीलच रेडिओ असतो. सिम कार्ड तिच्यांत बसतें. संगणकाची माहिती मनोऱ्याकडे आणि मनोऱ्याची संगणकाकडे ती पोंचविते. हें काम करणाऱ्या यंत्राला मोडेम म्हणतात. आतां असें नवें यंत्र विंडोजला जोडावयाचें, तर त्याची ओळख करून देणारी एक आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती आधीं बसवावी लागे. पूर्वीं ती तबकडीवर मिळे. तबकड्या हरवत, शिवाय लहान संगणकांना तबकडी वाचण्याची सोयही राहिली नव्हती. तेव्हां डोंगल करणाऱ्यांनीं युक्ति काढली कीं, ती तबकडी डोंगलच्याच पोटांत ठेवून द्यावी.

म्हणून संगणकांत खोंचल्याबरोबर डोंगल "मी मोडेम आहें" असें सांगतच नाहीं. "मी तबकडी आहें," असें तें सांगतें. विंडोज ती तबकडी वाचते, तिच्यांतील आज्ञावली बसवून घेते, आणि ती आज्ञावली डोंगलला एक ठराविक संदेश धाडते. तो संदेश मिळतांच डोंगल क्षणभर नाहींसें होतें आणि मोडेम म्हणून पुन्हा प्रकट होतें. आपल्याकडे दारीं येणारा बहुरूपी पोलिसाच्या वेषांत दरडावतो, आणि हातावर चार पैसे पडले कीं हंसून वेगळा होतो. तसाच हा प्रकार आहे. लिनक्सही ती तबकडी पाहते. पण तिच्यावरील आज्ञावली विंडोजसाठीं लिहिलेली, ती लिनक्सच्या कामाची नाहीं. संदेश कोणी धाडीत नाहीं, आणि बहुरूपी पोलिसाच्या वेषांतच दारांत उभा राहतो. डोंगल बिघडलेलें नसतें. संगणकही बिघडलेला नसतो.

याची खात्री डोळ्यांनीं करून घेतां येते. लिनक्समध्यें टर्मिनल नांवाची खिडकी उघडावी आणि एल, एस, यू, एस, बी हीं पांच अक्षरें लिहून एंटर दाबावें. संगणकाला जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी दिसते, आणि प्रत्येकासमोर दोन क्रमांकांची जोडी असते. पहिला क्रमांक कारखानदाराचा, दुसरा त्या यंत्राचा. हुआवे कंपनीचें ई१५५० हें डोंगल एके काळीं फार खपलें. त्याचें उदाहरण घेऊं. तें लावल्यावर यादींत १२डी१:१४४६ असें दिसतें. (आंकड्यांत "डी" कसा आला, असें विचाराल, तर हे आंकडे सोळाच्या पायावरचे आहेत, तेथें दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांना अक्षरें वापरतात, आणि "डी" म्हणजे तेरा.) १२डी१ हें हुआवेचें घराणें, आणि १४४६ हें त्या तबकडीच्या सोंगाचें नांव. सोंग उतरलें कीं त्याच यादींत १४४६ जाऊन १००१ येतें. घराणें तेंच, नांव बदललें. हा एक बदल झाला आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी दोष कोठें शोधावयाचा हें ठरतें. बदल झालाच नसेल, तर पुढच्या साऱ्या खटपटी व्यर्थ आहेत. हें न पाहतां दुसऱ्या कोणीं सांगितलेल्या दहा आज्ञा एकापाठोपाठ एक लिहीत सुटणारा मनुष्य मला पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें उत्तर पाहून गणित जुळविणाऱ्या विद्यार्थ्यासारखा वाटतो.

सोंग उतरविण्याचें काम करणारी एक छोटी आज्ञावली लिनक्ससाठीं आहे. तिचें नांव यूएसबी-मोडस्विच. जर्मनीचे योझुआ डीट्झे यांनीं ती लिहिली आणि सर्वांना मोफत दिली. कोणत्या डोंगलला कोणता संदेश चालतो, याची मोठी यादी तिच्यासोबत येते. हुआवेच्या पुष्कळ डोंगलांना पाठवावयाचा संदेश अवघा ३१ बाइटांचा आहे. दुसऱ्या कांहीं कंपन्यांच्या डोंगलांना तर एवढेंही लागत नाहीं; पडद्यावर दिसणाऱ्या तबकडीच्या चित्रावर उजवें बटण दाबून "बाहेर काढा" अशी आज्ञा दिली कीं तबकडी जाते आणि मोडेम येतें. ही युक्ति आधीं करून पाहण्यास हरकत नाहीं. तींत नुकसान कांहीं नाहीं.

पुष्कळ लिनक्सांत यूएसबी-मोडस्विच आधींच बसविलेली असते आणि डोंगल लावतांच आपण होऊन काम करते; आपल्याला कळतसुद्धां नाहीं. ती नसेल, तर मात्र मोठी मौज होते. ती आणावयाची इंटरनेटवरून, आणि इंटरनेट मिळावयाचें तिच्यामुळें! या पेचांत सांपडलेले लोकच शेवटीं विंडोजकडे परततात. वाट सोपी आहे. आपला मोबाईल फोन तारेनें संगणकाला जोडावा, फोनच्या सेटिंगमध्यें यूएसबी टेदरिंग चालूं करावें, आणि तेवढ्यापुरतें फोनचें इंटरनेट वापरून ती आज्ञावली उतरवून घ्यावी. तेंही नसेल, तर शेजारच्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणावी. मात्र तिच्या जोडीची यादी, जी वेगळ्या पुडक्यांत असते, ती आणण्यास विसरूं नये.

सोंग उतरल्यावर लिनक्सच्या गाभ्यांतील "ऑप्शन" नांवाचा ड्रायव्हर पुढें येतो. हें नांव वाचून कोणाला वाटेल कीं हा ऐच्छिक भाग आहे, तसें नव्हे. बेल्जममधील ऑप्शन नांवाच्या कंपनीच्या कार्डांसाठीं तो प्रथम लिहिला गेला, आणि नांव तसेंच राहिलें. हा ड्रायव्हर मोडेमला टीटीवाय-यूएसबी-शून्य, एक, दोन अशीं द्वारें उघडून देतो. डोंगल एक आणि द्वारें तीन कां? तर एकांतून माहितीची ये-जा चालते, दुसऱ्यांतून ती चालूं असतांनाही मोडेमशीं बोलतां येतें, आणि उरलेलें कारखान्यांतील तपासणीसाठीं असतें. चुकीच्या द्वारावर कितीही हांका मारल्या तरी ओ मिळत नाहीं.

या द्वारांतून मोडेमशीं जी भाषा बोलली जाते, ती ऐकण्यासारखी आहे. १९८१ सालीं अमेरिकेंत डेनिस हेज यांच्या कंपनीनें स्मार्टमोडेम नांवाचें यंत्र काढलें. तें घरच्या टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला ३०० बिट पाठवी. त्याला आज्ञा देण्यासाठीं त्यांनीं एक लहानशी भाषा केली. तींतील प्रत्येक आज्ञा "एटी" या दोन अक्षरांनीं सुरू होते. एटी म्हणजे अटेन्शन, "सावधान". एटीडी म्हणजे "सावधान, नंबर फिरव". ४० हून अधिक वर्षें लोटलीं, तारा गेल्या, मनोरे आले, आणि तरीही आपल्या डोंगलला आज याच भाषेंत आज्ञा द्यावी लागते. आपला संगणक "एटीडी, स्टार नव्याण्णव हॅश" असें म्हणतो. हा कोणाचा टेलिफोन नंबर? कोणाचाच नव्हे. मोबाईलच्या जाळ्याला "मला बोलावयाचें नाहीं, माहिती पाठवावयाची आहे" असें सांगण्याची ती खूण आहे. संगणकाला वाटतें, आपण फोन लावला आणि पलीकडे कोणीं उचलला. वास्तविक पलीकडे म्हणजे त्या डबींतच उचललेला असतो. टेलिफोनच्या तारांसाठीं ठरविलेली संभाषणाची सारी रीत डबीच्या आंतच संपते आणि पुढें रेडिओचें निराळें काम सुरू होतें.

हें सर्व हातांनीं करण्याची आज गरज नाहीं. मोडेम-मॅनेजर आणि नेटवर्क-मॅनेजर या दोन आज्ञावल्या तें परस्पर करतात. पडद्याच्या कोपऱ्यांतील जाळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून "मोबाईल ब्रॉडबँड" निवडावें, देश व कंपनी सांगावी, आणि एपीएन विचारल्यास तो द्यावा. एपीएन म्हणजे त्या कंपनीच्या जाळ्यांतून इंटरनेटकडे जाणाऱ्या दरवाजाचें नांव. बीएसएनएलचा बीएसएनएलनेट, जिओचा जिओनेट. एक अक्षर चुकलें तरी बहुधा मोडेम मनोऱ्याशीं जोडलेलें दिसतें आणि पान मात्र एकही उघडत नाहीं. सिमला पिन असेल तर तो विचारून घ्यावा, अंदाज करूं नये. तीन वेळां चुकला कीं सिम पीयूके नांवाचा दुसरा लांब आंकडा मागतें.

जुन्या पद्धतीनें डब्ल्यूव्ही-डायल वापरणारेही कांहीं लोक आहेत. त्यांना दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली अशी कीं मोडेम-मॅनेजर त्याच द्वारावर आधींच बसलेला असतो, आणि एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. दोहोंपैकीं एकाला थांबवावें लागतें. दुसरी अशी कीं उबुंटू व डेबियन यांत मोडेमचें द्वार उघडण्याचा अधिकार "डायलआउट" नांवाच्या गटांतील माणसांनाच असतो. आपलें नांव त्या गटांत घालून, बाहेर पडून पुन्हा आंत आल्याशिवाय "परवानगी नाहीं" हेंच उत्तर मिळत राहतें.

अलीकडच्या ४जी डोंगलांत निराळा प्रकार आहे. हुआवेच्या ई३३७२ या डोंगलची हायलिंक नांवाची जात घ्या. तींही प्रथम तबकडीचेंच सोंग घेते, पण सोंग उतरल्यावर मोडेम न होतां तारेचें नेटवर्क कार्ड बनते. तेथें नंबर फिरविणें नाहीं, एटी नाहीं. लिनक्सला तें साधें तारेचें जाळें वाटतें. पिन आणि एपीएन द्यावयाचे ते ब्राउझरमध्यें १९२.१६८.८.१ हा पत्ता लिहून, डोंगलच्याच पोटांतल्या पानावर. "मोबाईल ब्रॉडबँड" दिसत नाहीं म्हणून पुष्कळ लोक येथें घोटाळतात. तें दिसावयाचेंच नसतें.

आतां ज्या बाबतींत लिनक्सवर विनाकारण आळ येतो, त्यांविषयीं. कपाटांतलें डोंगल १०-१२ वर्षांपूर्वींचें असेल, तर तें बहुधा ३जी आहे. एअरटेलनें भारतांतील आपली ३जी सेवा २०२० च्या सुमारास बंद केली. जिओची सेवा २०१६ सालीं सुरू झाली तीच ४जी म्हणून, तिचें ३जी किंवा २जी कधीं नव्हतेंच. जिओचें सिम ३जी डोंगलांत घातलें तर कोणत्याही संगणकावर तें चालणार नाहीं, विंडोजवरही नाहीं. एअरटेलचें चाललें तर २जीवर चालेल, म्हणजे टपाल वाचण्यापुरतें. चित्रपट पाहण्याची आशा करूं नये. कांहीं डोंगलें विकणाऱ्या कंपनीच्याच सिमला बांधलेलीं असतात, तीं दुसरें सिम स्वीकारीत नाहींत.

विजेचाही प्रश्न असतो. यूएसबीच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या पोर्टांतून ५०० मिलिअँपिअर वीज मिळावयाची असा नियम आहे. मनोरा दूर असला कीं डोंगल जोरानें ओरडतें आणि तेवढी वीज ओढतें. लांब जोडतार किंवा एका पोर्टाचीं चार करणारी स्वस्त डबी मध्यें असेल तर वीज कमी पडते, डोंगल मरतें आणि पुन्हा जन्मतें. गाभ्याच्या नोंदवहींत, जी डी, एम, ई, एस, जी या अक्षरांनीं उघडते, "जोडलें", "तुटलें", "जोडलें", "तुटलें" अशा ओळींची रांग दिसली तर समजावें कीं हेंच कारण. डोंगल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टांत लावावें.

रेडिओचा जोर किती आहे हें मोडेम-मॅनेजर टक्क्यांत सांगतो. डब्ल्यूव्ही-डायलवाल्यांनीं "एटी अधिक सी-एस-क्यू" असें विचारावें. ० ते ३१ मधील एक आंकडा येतो. १० च्या खालीं असेल तर डोंगल खिडकीपाशीं न्यावें, लोखंडी कपाटाआड ठेवूं नये. ९९ आलें तर तो जोर नव्हे. मोडेमला मापच कळलें नाहीं, असा त्याचा अर्थ. आणि एवढें करूनही संशय राहिला, तर तेंच डोंगल, त्याच सिमसह, ओळखीच्या कोणाच्या विंडोजच्या संगणकाला लावून पाहावें. तेथेंही "सेवा उपलब्ध नाहीं" असेंच आलें, तर नवा संगणक घेण्याचें कारण नाहीं. ४जी डोंगल तेवढें घ्यावें लागेल.